चाकाचे नट : क्रॉस पाना, लांब दांडा की टॉर्क रेंच?

गाडीसोबत मिळणारा एल आकाराचा पाना आखूड असतो. लहान गाड्यांचे नट साधारण 85 ते 110 न्यूटन मीटरला (हे पिळण्याच्या जोराचं म्हणजे टॉर्कचं माप) आवळतात (तुमच्या गाडीचा नेमका आकडा पुस्तिकेत असतो). पाव मीटर दांड्याच्या टोकावर 40 किलोचा भार दिला की जेमतेम 100 न्यूटन मीटर होतात. पंक्चरवाल्याने हवेच्या गनने त्याहून कितीतरी जास्त आवळलेलं असतं. मग माणूस पान्यावर उभा राहतो, पाना तिरका होऊन निसटतो आणि नटाचे कोन गोल होतात.

अधिक चिन्हाच्या आकाराच्या क्रॉस पान्यात हा धोका कमी, कारण एक हात ओढतो, दुसरा दाबतो आणि गोटी (नटावर बसणारं पोकळ तोंड, सॉकेट) नटावर सरळ बसते. चार तोंडांत सहसा 17, 19, 21 आणि 23 ही मापं मिळतात. मारुतीला बहुधा 19, ह्युंदाईला 21. अडचण जागेची, लहान डिकीत तो कुठेच नीट मावत नाही.

लांब होणारा दांडा मिटवला की स्टेपनीशेजारी बसतो. अर्धा मीटर लांबवला की तोच नट निम्म्या जोरात सुटतो. डिकीसाठी मी हाच निवडेन, पण फक्त सोडवायला. आवळताना याच लांबीमुळे नकळत फार जोर लागतो, स्टड (नट ज्यावर फिरतो तो आट्यांचा दांडा) ताणला जातो, ब्रेकची डिस्क वाकडी होऊन ब्रेक थरथरतो. बॅटरीवरच्या गनचंही तेच. तिने नट फक्त टेकेपर्यंत फिरवावा.

शेवटचं आवळणं टॉर्क रेंचचंच काम, म्हणजे ठरवलेला जोर गाठला की कळवणाऱ्या पान्याचं. गोटी बसवायचा चौकोन अर्धा इंची असलेला घ्या, पुस्तिकेतला आकडा लावा, ‘टक’ आवाज आला की थांबा. खात्रीसाठी पुन्हा ओढू नका. जाम नट सोडवायला तो कधीच वापरू नका, त्याचं माप बिघडतं. ठेवताना स्प्रिंग सर्वांत खालच्या आकड्यावर आणा. तो घरीच राहू द्या. रस्त्यात चाक बदललं, तर दांडा न लांबवता समोरासमोरचे नट आवळून हळू घरी या आणि मग रेंच लावा. साधारण 80 ते 100 किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. आट्यांना तेल लावू नका. घर्षण घटतं आणि त्याच आकड्यावर स्टड जास्त ताणला जातो.

गोटी मात्र सहा कोनांचीच घ्या. बारा कोनांची गोटी नटाला फक्त टोकांशी धरते, जुन्या गंजलेल्या नटावर तीच आधी घसरते.