संशोधकांच्या मुलाखतींचे पॉडकास्ट: बरेच महिने ऐकल्यानंतर

पॉडकास्ट ॲपचं वर्षाचं सबस्क्रिप्शन न विचारता रिन्यू झालं आणि पैसे कापले गेले. कस्टमर केअरला मेलवर मेल केले, उत्तर एकच: ‘रिफंड मिळणार नाही.’ मग हिशेब मांडला. रिसर्च पेपर लिहिणाऱ्यांच्या मुलाखती मी एवढे महिने ऐकतेय, त्यात पैसे मोजण्यासारखं काय आहे? जवळजवळ काहीच नाही, कारण जे उत्तम आहे ते फुकट आहे.

‘नेचर पॉडकास्ट’ 2005 पासून चालू आहे. त्यातल्या मुलाखती छोट्या असतात. शोधाची बातमी कळते, पेपर कळत नाही. आधी मला तेवढंच बरं वाटायचं. तासाभराची मुलाखत ऐकायला वेळ कोणाकडे आहे! आता मत पार बदललंय. अर्थतज्ज्ञ जेनिफर डोलियॅक यांचा ‘प्रॉबेबल कॉझेशन’ हा पॉडकास्ट ऐका: कायदा, अर्थशास्त्र आणि गुन्हेगारी हे विषय, शक्यतो एका भागात एकच पेपर. याआधी काय माहीत होतं, डेटा कुठला, तुलना कोणाशी केली, अजून काय कळायचं बाकी आहे, हे सगळं त्या शांतपणे विचारतात. पेपरमधल्या एका कोरड्या वाक्यामागे किती खटपट असते, ते लेखक स्वतः बोलतो तेव्हा समजतं.

आता माझी खरी तक्रार. कित्येक कार्यक्रमांच्या माहितीत पाहुण्याचं नाव असतं, विद्यापीठ असतं, जाहिरातींचे कूपन कोड असतात, पण पेपरची लिंक नसते! हे मला अजिबात खपत नाही.

कारण आकडे कानाने कळत नाहीत. बिहारच्या सायकल योजनेवरचा कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांचा पेपर घ्या. नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलसाठी पैसे मिळाले. बिहारमधले मुलगे आणि शेजारचं झारखंड यांच्याशी तुलना करून परिणाम काढला. माध्यमिक शाळेत योग्य वयात शिकणाऱ्या मुली 32 टक्क्यांनी वाढल्या. नुसतं ऐकलं तर शंभरातल्या 32 मुली वाढल्या असं वाटेल. प्रत्यक्षात मूळ प्रमाणच इतकं कमी होतं, की वाढ शंभरामागे साधारण पाच मुलींची. तीही मोठीच आहे, पण हे पेपर उघडल्याशिवाय दिसत नाही. शिवाय 2013 च्या मसुद्यात आकडा 30 टक्के आहे, 2017 च्या छापील पेपरमध्ये 32. मुलाखत कोणत्या आवृत्तीवर चाललीय ते लिंकशिवाय कसं कळणार?

आणि पेपर महाग पडतात हे कारण नेहमी चालत नाही. एनबीईआर या अमेरिकेतल्या अर्थशास्त्र संशोधन संस्थेचे मसुदे भारतातून फुकट उतरवता येतात, बरेच प्राध्यापक स्वतःच्या पानावर प्रत ठेवतात. ‘प्रॉबेबल कॉझेशन’ तर चर्चेत आलेल्या इतर पेपरांचीही यादी देतो. लिंक नसलेला कार्यक्रम मी आता यादीतून काढून टाकते, पाहुणा कितीही मोठा असला तरी.