मल्डर-स्कली की नेओमी-होल्डन? आधी कोणाची गोष्ट बघायची

‘द एक्स-फाइल्स’ म्हणजे 11 सीझन, 218 भाग. ‘द एक्स्पान्स’ म्हणजे 6 सीझन, 62 भाग. ठाण्याहून ऐरोली-वाशीकडे नोकरीला जाणाऱ्या माणसाला घरी यायला आठ वाजतात. मग जेवणखाण, आवराआवर, आणि हाती उरतो जेमतेम एक तास. तो तास कोणत्या मालिकेला द्यायचा, हा प्रश्न लहान नाही. सायन्स फिक्शन तर आवडतं, पण दोन माणसांचं हळूहळू जमत जाताना बघायलाही आवडतं, अशांचं तर घोडं इथेच अडतं.

आमच्या ठाण्याच्या मित्रमंडळींत यावरून सरळ दोन तट आहेत. रविवारी संध्याकाळी तलावपाळीला भेटलो की विषय कुठूनही निघो, ‘एक्स-फाइल्स’मधल्या मल्डर-स्कलीवर येतोच. एका गटाचं म्हणणं, अशी जोडी पुन्हा झाली नाही. दुसरा गट म्हणतो, सात-सात सीझन लोंबकळत ठेवण्याला केमिस्ट्री म्हणत नाहीत, ताणणं म्हणतात. मी दोन्ही मालिका शेवटपर्यंत बघितल्या आहेत, आणि चुंबन कितव्या सीझनला आलं यावर वाद घालण्यात मला अर्थ वाटत नाही. बघायचं ते हे, की दोघांच्या मध्ये आडवं कोण येतंय. गोष्ट येतेय, की लेखक?

(पुढे दोन्हींतलं थोडंफार उघड होणार आहे. शेवट मात्र सांगणार नाही.)

‘एक्स-फाइल्स’ सप्टेंबर 1993 मध्ये सुरू झाली. एफबीआयच्या तळघरात बसून परग्रहवासी आणि न उलगडलेली प्रकरणं शोधणारा मल्डर, आणि त्याच्या कामाची शास्त्रीय तपासणी करायला पाठवलेली डॉक्टर स्कली. पहिल्याच भागात ओरेगनमधल्या एका मोटेलात वीज जाते. स्कलीला स्वतःच्या कमरेजवळ फोड दिसतात, आणि ज्यांच्या मृत्यूंचा तपास चाललाय त्यांच्या अंगावरही तशाच खुणा होत्या. घाबरून ती मल्डरच्या खोलीत येते. तो मेणबत्तीच्या उजेडात बघून सांगतो, डास चावलेत. तिचा जीव भांड्यात पडतो आणि ती त्याला घट्ट धरते. दुसऱ्या कुणी इथेच प्रेमाचा नारळ फोडला असता. इथे मात्र ती पलंगावर पडून राहते, तो खाली जमिनीवर बसतो आणि आपली आठ वर्षांची बहीण कशी नाहीशी झाली ते सांगतो. ती ऐकते. त्याच्या म्हणण्यावर तिचा विश्वास बसलेला नाही, पण त्याच्या दुःखावर बसलाय. या जोडीचं सगळं मर्म मला त्या खोलीत दिसतं.

पुढची काही वर्षं दोघांच्या मधला अडथळा खराखुरा आहे. तिला पुरावा हवा, त्याला पुराव्याआधीच खात्री असते. भांडता भांडता दोघं एकमेकांच्या इतके जवळ येतात की चौथ्या सीझनमध्ये तिला कर्करोग झाल्याचं कळतं, तेव्हा दवाखान्यात दोघं फारसं काही बोलत नाहीत, तरी बघणाऱ्याच्या घशात आवंढा येतो. मल्डर झालेला डेव्हिड डुकोव्हनी आणि स्कली झालेली जिलियन अँडरसन नुसत्या नजरेने जे करतात, ते लिहून दाखवता येत नाही.

मग 1998 चा चित्रपट येतो. जिन्याजवळच्या बोळात दोघं अगदी ओठाला ओठ लागण्याइतके जवळ येतात, आणि नेमकी तेव्हाच स्कलीला मधमाशी चावते. आमच्याकडचं सगळ्यात जोरदार भांडण या मधमाशीवरून होतं. तिला कथेत कारण आहे, हे मला मान्य आहे. तरी तिथून पुढे दोघांना लांब ठेवणारा हात लेखकांचा आहे हे जाणवायला लागतं. मालिकेचा कर्ता ख्रिस कार्टर याला या दोघांची प्रेमकथा करायची नव्हती, हे तो बराच काळ उघड सांगत आला होता. अमेरिकेतल्या चाहत्यांतही तेव्हा ‘शिपर’ आणि ‘नोरोमो’ असे दोन पंथ होते. पहिल्यांना जोडी जमायला हवी होती, दुसऱ्यांना जमायलाच नको होती. नोरोमोंची बाजू इथले लोक उडवून लावतात, पण मला ती महत्त्वाची वाटते. एक पुरुष आणि एक बाई बरोबरीने काम करतात, एकमेकांसाठी जीव धोक्यात घालतात, आणि ते तेवढंच पुरेसं मानलं जातं, असं पडद्यावर आजही क्वचितच दिसतं.

अखेर सातव्या सीझनमध्ये, 2000 साल उजाडताना, एक साधं चुंबन येतं. त्यानंतरचा प्रवास मात्र खडबडीत आहे. आठव्या सीझनमध्ये डुकोव्हनी साधारण अर्ध्याच भागांत दिसतो, नवव्यात जवळजवळ नाहीच. 2016 मध्ये मालिका परतली तेव्हा दोघं वेगळे राहताना दिसतात. का, याचं पटेल असं उत्तर मला सापडलं नाही. म्हणून माझा सल्ला असा: पहिले पाच सीझन, मग तो चित्रपट, आणि सहावा-सातवा मन लागलं तर.

‘एक्स्पान्स’चं, म्हणजे माणूस सूर्यमालेभर पसरल्यानंतरच्या काळातल्या गोष्टीचं, नेमकं उलटं आहे. जोडी दुसऱ्या सीझनच्या सुरुवातीलाच जमते, आणि खरी गोष्ट तिथून पुढे सुरू होते. जेम्स होल्डन पृथ्वीवर, मोंटानात वाढलेला. नेओमी नागाता लघुग्रहांच्या पट्ट्यातली, म्हणजे ‘बेल्टर’. कमी गुरुत्वाकर्षणात वाढलेल्या बेल्टरांची हाडं आणि हृदय ग्रहावरचा भार सोसू शकत नाहीत. चौथ्या सीझनमध्ये दोघं इलस नावाच्या नव्या ग्रहावर जातात. नेओमी त्यासाठी औषधं घेते, व्यायाम करते, उघड्या आकाशाखाली पाऊल ठेवण्याची तिची ओढ डोळ्यांत दिसते, आणि शरीर साथ देत नाही. ती वर कक्षेत परतते, तो खाली राहतो. दोघांत भांडण नाही, गैरसमज नाही, तिसरं माणूस नाही. आडवं आलंय ते भौतिकशास्त्र. सायन्स फिक्शनमधल्या प्रेमकथेकडून मला हेच हवं असतं. ही ताटातूट कौटुंबिक मालिकेत दाखवताच येणार नाही.

याशिवाय दोघांमध्ये राजकारण आहेच. होल्डनला वाटतं सत्य सगळ्यांना सांगून टाकावं. नेओमीला ठाऊक आहे की दुबळ्यांच्या हाती काहीतरी असल्याशिवाय बलाढ्य त्यांना मोजत नाहीत. त्यासाठी ती त्याच्यापासून फार मोठी गोष्ट लपवते. कळल्यावर तो रागावतो, आणि तो राग एका भागात मिटत नाही. पाचव्या सीझनमध्ये ती एकटी अडकते. तिच्याच आवाजातली मदतीची खोटी हाक होल्डनला सापळ्यात ओढण्यासाठी वापरली जाते. जवळ ना हत्यारं, ना माणसं, अंगात त्राण नाही, अशा अवस्थेत ती त्या हाकेत जो बदल करते, तो बघताना मी जागची उठून उभी राहिले. त्या भागांत दोघांचा एकत्र प्रसंग जवळपास नाही, तरी दोघांतलं नातं सगळ्यात घट्ट तिथेच दिसतं.

उणीव आहे, ती सांगायलाच हवी. पहिल्या सीझनमध्ये होल्डन कोरडा वाटतो, दोघांमधली ठिणगी दिसत नाही, आणि नावं-गावं-पक्ष यांचा गुंता सुटायला चार-पाच भाग जातात. आमच्यातल्या तिघांनी तिथेच सोडली. बेल्टरांची बोली वेगळी असल्यामुळे सबटायटल्स लावून बघा.

पनवेल लोकलमध्ये मोबाइलवर बघणार असाल तर ‘एक्स-फाइल्स’ घ्या. बरेचसे भाग स्वतंत्र आहेत, एखादा राहिला तरी बिघडत नाही. ‘एक्स्पान्स’ अंधाऱ्या अंतराळजहाजांतली आहे, ती घरी, मोठ्या पडद्यावर. प्राइम व्हिडिओवर आहे. नवरा-बायकोने मिळून बघायची असेल तर मी बिनदिक्कत ‘एक्स्पान्स’ सांगते. एकत्र राहायचं ठरवल्यानंतरचे प्रश्न तिच्यात आहेत.

पन्नाशीच्या पुढच्यांसाठी तिसरं नाव, 2004 ची ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’. सेनापती अडामा आणि राष्ट्राध्यक्ष रॉझलिन सुरुवातीला एकमेकांवर विश्वास ठेवत नाहीत, तो तर तिला अटकही करवतो. तिथून जे घडत जातं तसं प्रौढ प्रेम मी इतर मालिकांत पाहिलेलं नाही. तरुण मंडळी त्याच मालिकेतल्या ली आणि काराच्या जोडीवर भांडतात. मला ती जोडी दमवते.

‘स्टार ट्रेक: व्हॉयेजर’ मात्र जहाजाची कप्तान जेनवे आणि तिचा दुय्यम अधिकारी चकोटे या जोडीसाठी म्हणून सुरू करू नका. 1995 ते 2001 अशी सात वर्षं लेखकांनी आशा दाखवली आणि शेवटच्या काही भागांत चकोटेला सेव्हन या दुसऱ्याच सहकारी बाईबरोबर नेऊन बसवलं. जेनवे-चकोटेंचं काय होऊ शकलं असतं ते बघायचंच असेल, तर दुसऱ्या सीझनमधला ‘रिझोल्यूशन्स’ हा एकच भाग काढून बघा. आधीचं काही माहीत नसलं तरी तो कळतो.