रंगीत दोन रकान्यांचा रेझ्युमे की साधा एकपानी? मेकॅनिकल डिप्लोमावाल्यांसाठी

डिप्लोमाचा निकाल लागला की रेझ्युमेची धावपळ सुरू होते. कॅनव्हावर मिळणारा रंगीत, दोन रकान्यांचा नमुना घ्यायचा, की वर्डमध्ये काळ्या अक्षरांत सरळ एक पान लिहायचं? भोसरी-चाकणच्या कारखान्यांकडे येणारे अर्ज मी बरीच वर्षं वाचतोय. कारखान्यातल्या नोकरीसाठी माझं मत साध्याच्या बाजूने आहे.

रंगीत नमुन्याचा फायदा खरा आहे. पहिल्यांदाच लिहिणाऱ्याला कोरं पान अंगावर येतं, तिथे आयत्या चौकटी भरायला मिळतात. ग्राफिक डिझाइनच्या जागेसाठी तर मांडणीवरूनच तुमचा हात कळतो. पण बऱ्याच मोठ्या कंपन्या आणि जॉब पोर्टल्स रेझ्युमेतला मजकूर आधी सॉफ्टवेअरकडून वाचून घेतात. दोन रकाने असले की काही सॉफ्टवेअर डावीकडची ओळ उजवीकडच्या ओळीला जोडून टाकतात आणि मोबाइल नंबर कॉलेजच्या नावात घुसतो. मिनिटभरात तपासता येतं: पीडीएफमधला सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. तिथे खिचडी झाली तर नमुना बदला.

मला त्याहून जास्त खटकतात त्या कौशल्यांच्या पट्ट्या. ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरसमोर पाचपैकी चार ठिपके. चार म्हणजे नक्की काय येतं? टू-डी ड्रॉइंग काढता येतं, की नुसतं उघडून बघता येतं? सुपरवायझरला त्यातून काहीच कळत नाही.

मध्यंतरी एका मुलाच्या रेझ्युमेत 'मेहनती, प्रामाणिक, टीम प्लेअर' एवढंच होतं. अप्रेंटिसशिपमध्ये काय केलंस, असं विचारल्यावर म्हणाला, "व्हीएमसीवर होतो सर, फॅनुक कंट्रोलर. जॉब लावायचो, टूल ऑफसेट द्यायचो, पहिला पीस मोजून इन्स्पेक्शनला न्यायचो." (व्हीएमसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन, फॅनुक ही त्याच्या कंट्रोलरची कंपनी; जॉब म्हणजे मशीनवर घडवायचा तुकडा आणि टूल ऑफसेट म्हणजे मशीनला दिलेलं हत्याराचं माप.) अरे, मग हेच लिही ना! आम्ही तिथेच बसून दोन ओळी केल्या: 'व्हीएमसी, फॅनुक कंट्रोलर: जॉब सेटिंग, टूल ऑफसेट, पहिल्या पीसची तपासणी. मोजमाप: व्हर्निअर, मायक्रोमीटर, बोअर गेज.' रेझ्युमे इंग्रजीत असला तरी मजकूर हाच हवा. साध्या पानावर अशा ओळी लगेच डोळ्यांत भरतात.

साध्याचीही एक खोड आहे: तो हळूहळू लग्नाचा बायोडेटा होतो. वडिलांचं नाव, धर्म, वैवाहिक स्थिती, छंद आणि तळाशी 'वरील माहिती खरी आहे' म्हणून सही. पाव पान त्यातच जातं. हे सगळं काढा आणि ती जागा फायनल इयरच्या प्रोजेक्टला द्या. गटात चौघं असाल तर तुम्ही स्वतः काय केलंत तेही लिहा. टक्के आणि पास झाल्याचं वर्ष जसं आहे तसं द्या. सरकारी भरतीचं वेगळं असतं, तिथे त्यांच्याच अर्जात विचारलेलं सगळं भरायचं.

वॉक-इन मुलाखतीला, म्हणजे वेळ न ठरवता थेट, जाणार असाल तर झेरॉक्सचाही विचार करा. फिक्या निळ्या पट्टीवरची पांढरी अक्षरं काळ्या-पांढऱ्या प्रतीत पुसट होतात आणि अनेक नमुन्यांत नेमका फोन नंबर त्याच पट्टीवर असतो. साध्या पानावर नावाखाली तो ठळक लिहा आणि दहा आकडे बोट ठेवून मोजा. नऊच आकड्यांचा नंबर असलेला एक चांगला अर्ज माझ्या हातात आला होता, ईमेलही दिलेला नव्हता. त्या मुलाला आम्ही बोलावूच शकलो नाही.