धूर कमी करायचाय, तर कोणती चूल घ्यावी?

चूल बदलताना दोन प्रश्न वेगळे ठेवा. सरपण किती वाचेल? आणि चुलीपुढे बसणारीच्या छातीत धूर किती जाईल? पहिल्याचं उत्तर चांगलं असलं म्हणून दुसऱ्याचंही चांगलं असतं असं नाही, आणि निवड चुकते ती बहुधा इथेच.

रॉकेट चुलीत जाळ अरुंद, उष्णता धरून ठेवणाऱ्या नळीत कोंडलेला असतो, त्यामुळे लाकूड तीन दगडांच्या चुलीपेक्षा पुष्कळ नीट जळतं. मोळीसाठीच्या खेपा कमी होतात, आणि ज्या बाईच्या डोक्यावर ती मोळी असते तिला हे फार मोठं आहे. पण उरलेला धूर घरातच कोंडतो. पंख्याची चूल, म्हणजे छोट्या पंख्याने जाळात हवा फुंकणारी, याहून स्वच्छ जळते. तिला बारीक, कोरडे तुकडे आणि चार्ज केलेली बॅटरी लागते. मलावीत अशा चुली घरोघरी देऊन पाच वर्षांखालच्या १०,००० हून अधिक मुलांची पाहणी झाली. २०१६ साली निकाल आला: न्यूमोनियात फरक नाही.

धुराड्याची चूल धूर निदान बाहेर तरी काढते. ग्वाटेमालात २००२ ते २००४ या काळात तिची चाचणी झाली. मुलांच्या श्वासात जाणारा कार्बन मोनॉक्साइड निम्म्यावर आला, गंभीर न्यूमोनिया सुमारे एक तृतीयांशाने घटला. एकूण न्यूमोनियातली घट मात्र ठामपणे सिद्ध झाली नाही. धूर निम्मा झाला म्हणून आजार निम्मा होत नाही, धूर अगदी खाली यावा लागतो. धुराडं घ्यायचंच तर ते छपराच्या वर न्या आणि काजळी वरचेवर झाडा. तुंबलेलं धुराडं सगळा धूर परत घरात सोडतं.

कोळशाच्या शेगडीला धूर दिसत नाही, म्हणून ती फसवी. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास; बंद खोलीत तो जीव घेतो.

गॅसचा फरक मोठा आहे. भारत, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा इथल्या सुमारे ३,२०० गरोदर स्त्रियांच्या चाचणीत लाकूड-शेणीवर रांधणाऱ्यांच्या श्वासात हवेच्या दर घनमीटरमागे ७० मायक्रोग्रॅमच्या आसपास सूक्ष्म कण जात होते, गॅसवाल्यांच्या सुमारे २४. जागतिक आरोग्य संघटनेचं पहिलं अंतरिम लक्ष्य ३५ आहे, अंतिम ५. बाळांच्या जन्मवजनात मात्र फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. तरीही माझा कौल गॅसलाच, कारण धूर इतका खाली आणणं लाकडाच्या चुलीला जमलेलं नाही. अडचण आहे ती दर खेपेच्या टाकीच्या पैशांची. चाचणीत गॅस फुकट होता.

इंडक्शन शेगडीवर इंधनाचा धूर मुळीच नाही. सपाट बुडाची, लोहचुंबक चिकटेल अशी भांडी हवीत, आणि रांधायच्या वेळी वीज हवी.

टाकी न चुकता भरता येणार असेल तर गॅस, वीज भरवशाची असेल तर इंडक्शन. दोन्ही जमत नसेल तर धुराड्याची रॉकेट चूल, वाळलेलं सरपण आणि मूल पाठीशी न बांधता रांधणं. आणि घेण्याआधी घरात एवढं बोलून घ्या: अंघोळीचं पाणी कशावर तापणार? नवी शेगडी आली तरी जुनी चूल पेटत राहते ती बहुतेकदा अशाच कामांसाठी.