लेझर कटिंगसाठी डीएक्सएफ की एसव्हीजी?

नावाची पाटी कापायची असेल तर मी डोळे मिटून एसव्हीजी (रेषा आणि रंग साठवणारी चित्राची फाइल) देतो. लाल रेघ कापायची, काळा भाग कोरायचा, हे रंगावरून लगेच कळतं. फक्त अक्षरं आधी पाथमध्ये, म्हणजे नुसत्या रेषांच्या आकारांत, बदला, नाहीतर समोरच्याकडे तो फॉन्ट नसला की देवनागरीची पार वाट लागते. आणि माप तपासा: इंकस्केप या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरच्या ०.९२ आधीच्या आवृत्त्या इंचाला ९० पिक्सेल धरायच्या, नंतरच्या ९६ धरतात. जुनी १०० मिमीची पट्टी त्यामुळे ९३.७५ मिमीची होऊ शकते.

खाचा-जोडाचा डबा असेल तर कॅडमधून (मापं देऊन आराखडा काढायच्या सॉफ्टवेअरमधून) थेट डीएक्सएफ, म्हणजे त्या आराखड्याची फाइल, बरी. तिथे एककाचा घोळ असतो, मिलिमीटरचे इंच झाले की डबा २५.४ पट! पण तेवढी चूक निदान डोळ्यांत भरते.