बोटीचे छत बंद करण्याआधी : दिवाळे गावाजवळच्या एका दुरुस्ती-कार्यशाळेचा अनुभव

पहिल्या भेटीत त्यांनी मला रेक्झिनचे नमुने दाखवले नाहीत, आणि या कार्यशाळेविषयी माझे मत तेव्हाच चांगले झाले. मी गेलो होतो तो केबिनच्या छताचे लोंबू लागलेले अस्तर बदलून घेण्यासाठी. तिथले वयस्कर मिस्त्री, ज्यांना सगळे दादा म्हणतात, त्यांनी आत शिरून छत दोन-तीन ठिकाणी अंगठ्याने दाबून पाहिले आणि विचारले, "नाखवा, कापड मागाहून बघू. या छतामागून कुठली वायर कुठे जाते ते ठाऊक आहे का? आणि पुढच्या चार-पाच वर्षांत बोटीवर आणखी काय काय बसवायचे आहे?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. दुसऱ्याचे उत्तर द्यायला मी आठवडा घेतला, आणि पुढचे सगळे काम त्या उत्तरावरूनच आखले गेले.

माझी बोट २६ फुटांची, फायबरची, दोन माणसे झोपू शकतील एवढ्या केबिनची आहे. चार वर्षांपूर्वी मोटारींच्या सीटा शिवणाऱ्या एका दुकानदाराकडून मी हेच अस्तर बदलून घेतले होते. त्याने जुन्या फोमचा थर खरवडून न काढता त्यावरच सोल्यूशन फासले, नवे रेक्झिन ताणून चिकटवले आणि दिव्याच्या वायरीला अगदी खेटून स्टेपलच्या पिना मारल्या. दुसऱ्या पावसाळ्यात अस्तर पुन्हा सुटले. अशा वेळी आपण दोष रेक्झिनला किंवा सोल्यूशनला देतो, पण मरतो तो रेक्झिनच्या पाठीला असलेला फोम. उष्णता आणि दमट हवा यांनी तो आतून कुजतो, आणि कुजलेल्या फोमवर कितीही चांगले सोल्यूशन लावले तरी ते धरणार कशाला? इथे अस्तर ओढून काढले तेव्हा हळदीसारखी पिवळी, चिकट भुकटी आमच्या डोक्या-खांद्यांवर पडली. तारेचा ब्रश आणि खरवडणी घेऊन दोन कामगार पूर्ण तीन दिवस, तोंडाला मास्क बांधून, नुसते छत साफ करत होते. अंदाजपत्रकात हे तीन दिवस वेगळे दाखवलेले होते, आणि ते तसे दाखवणे मला प्रामाणिकपणाचे वाटले.

छत उघडे पडल्यावर दादांनी तीन कामांचा क्रम ठरवून दिला : आधी गळती, मग वायरिंग, शेवटी अस्तर. दोर बांधायचे क्लीट, कठड्याचे खांब, वरची खिडकी, या सगळ्यांचे नट आणि वॉशर अस्तराच्या मागेच दडलेले असतात, त्यामुळे ते तपासण्याची संधी अस्तर निघालेले असतानाच मिळते. एका क्लीटच्या नटाभोवती तांबूस ओघळ दिसला. तो क्लीट काढल्यावर डेकच्या दोन थरांमधला प्लाय वितभर भागात ओला निघाला. तेवढा भाग कापून, वाळवून, नव्याने भरून घेतला आणि बाकीचे सगळे क्लीटही नव्या सीलंटवर बसवले. पाइपाने पाणी मारून दोन दिवस छत कोरडे राहते का ते पाहिल्याशिवाय त्यांनी वायरिंगला हात लावला नाही.

वायरिंगचे काम मी सुट्या घेऊन शेजारी बसून पाहिले, आणि ते पाहण्यासारखेच होते. माझ्या बोटीत पूर्वी घरगुती वायर वापरलेली होती. दादांनी तिचे टोक सोलून दाखवले, तर आतले तांबे काळे पडलेले होते, आणि वीतभर आत गेल्यावरही तोच काळेपणा. खाऱ्या हवेत उघडे तांबे असेच आतल्या आत खाल्ले जाते, म्हणून बोटीत प्रत्येक बारीक तारेवर कथलाचा मुलामा असलेली, अनेक पेडी वायर वापरतात. जाडीचा हिशेबही त्यांनी कागदावर मांडून दिला. बारा व्होल्टच्या यंत्रणेत ५ अँपिअर घेणाऱ्या बिल्ज पंपापर्यंत (बोटीच्या तळाशी साचलेले पाणी उपसणारा पंप) जाऊन-येऊन १० मीटर वायर लागत असेल, तर दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीत ५ टक्क्यांहून अधिक व्होल्टेज वाटेतच पडते. ४ चौरस मिलिमीटरच्या वायरीत ते साधारण २ टक्क्यांवर येते. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या मानकांत नेव्हिगेशनच्या दिव्यांसारख्या महत्त्वाच्या जोडण्यांसाठी ३ टक्के आणि केबिनच्या दिव्यासारख्या साध्या कामांसाठी १० टक्के एवढी घट चालते, आणि त्यांनी प्रत्येक वायर त्या हिशेबाने निवडली. जोड नुसता डाग देऊन केला नाही, वायरीच्या टोकांना लग म्हणजे धातूच्या टोप्या दाबून बसवल्या आणि त्यांवर आतून गोंद असलेल्या नळ्या तापवून आवळल्या. होकायंत्राजवळून जाणाऱ्या दोन्ही वायरी एकमेकींना पीळ देऊन नेल्या, कारण तसे केले नाही तर दिवा लावताच होकायंत्राची सुई सरकू शकते.

मला सर्वांत अधिक आवडले ते मात्र वायरीला पोहोचण्यासाठी केलेले नियोजन. छताच्या दोन्ही कडांनी त्यांनी फ्लेक्झिबल पाइप टाकले, दर ४५ सेंटिमीटरच्या आत पट्ट्यांनी धरले, आणि प्रत्येक पाइपात एक जादा नायलॉनची दोरी सोडून ठेवली. मी आठवडाभर विचार करून दिलेल्या यादीत व्हीएचएफचा, म्हणजे बोटीवरच्या बिनतारी संचाचा अँटेना, सौर पॅनेल आणि नाळेकडचा, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाचा एक पंखा होता. यांपैकी एकही वस्तू मी अजून घेतलेली नव्हती, तरी तिन्हींची वाट तयार झाली. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना क्रमांकाची पट्टी आहे, आणि त्या क्रमांकांचा नकाशा प्लास्टिकमध्ये घालून फ्यूजपेटीच्या झाकणाला आतून लावलेला आहे.

अस्तर त्यांनी अखंड ताणले नाही. मरीन प्लायच्या सात फळ्या करून प्रत्येकीवर रेक्झिन चढवले आणि त्या स्टेनलेस स्टीलच्या स्क्रूंनी छतावरच्या पट्ट्यांना बसवल्या. फळ्यांचे सांधे जाणूनबुजून वायरींच्या जोडांच्या खाली आणि क्लीटच्या नटांच्या खाली येतील असे आखले होते. सांधे दिसतात, हे खरे आहे, आणि ज्यांना एकसंध गुळगुळीत छत हवे असेल त्यांना ते रुचणार नाहीत. पण आता कुठलाही जोड सहा स्क्रू काढल्यावर माझ्या हाताशी येतो, आणि त्यापुढे सांध्यांची रेघ मला मुळीच खटकत नाही.

वेळापत्रकाबाबत थोडे सांगायला हवे. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात किनाऱ्यावरच्या सगळ्या होड्या दुरुस्तीला ओढलेल्या असतात, त्यामुळे माझ्यासारख्या हौशी माणसाला तेव्हा जागा मिळत नाही. त्यांनी मला नारळी पौर्णिमेनंतरची तारीख दिली. बोट वर घ्यायलाही उधाणाच्या भरतीचीच वाट पाहावी लागते, भांगाच्या, म्हणजे कमी भरतीच्या दिवसांत तिथे पुरेसे पाणी चढत नाही. वायरिंग सप्टेंबरात झाले, पण रेक्झिन चिकटवायला दादांनी ऑक्टोबरचे ऊन पडेपर्यंत साफ नकार दिला. दमट हवेत सोल्यूशनमधला द्रावक उडून जाताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर बाष्प धरते आणि जोड कच्चा राहतो, हे त्यांचे कारण मला पटले.

तक्रारी दोन आहेत. काम सांगितल्यापेक्षा सोळा दिवस लांबले, आणि त्यातल्या निदान आठवड्याची मला आधी कल्पना देता आली असती. फोन केल्याशिवाय तिकडून निरोप येत नसे. दुसरे म्हणजे खिडकीलगतची फळी बोटभर आखूड कापली गेली. ती त्यांनी विनातक्रार नवी करून दिली, पण तिच्या रेक्झिनची छटा बाकीच्यांहून किंचित वेगळी आहे आणि दिवसाउजेडी ती दिसते. खर्च १,१५,००० रुपये सांगितला होता, तो १,२८,००० झाला. वाढलेली रक्कम ओल्या प्लायच्या कामाची होती, आणि ते काम सुरू करण्याआधी त्यांनी मला बोलावून, दाखवून, होकार घेतला होता.

जानेवारीत मी व्हीएचएफ संच घेतला आणि दादांना बोलावले. त्यांनी डाव्या बाजूच्या दोन फळ्या उतरवल्या, पाइपातल्या दोरीच्या टोकाला अँटेनाची केबल बांधली आणि दुसऱ्या बाजूने मी दोरी ओढली. केबल बाहेर आली, तेव्हा तिच्यासोबत त्यांनी मागून बांधून दिलेली नवी दोरीही आली. "ही आतच राहू द्या," ते म्हणाले. चाळीस मिनिटांत दोन्ही फळ्या जागेवर बसल्या होत्या.