बसायची काठी: चार महिने वापरून झाल्यावर

ही काठी मी पावसाळ्याच्या तोंडाला सांगलीत एका सर्जिकलवाल्याकडून घेतली. 950 सांगत होता, 850 ला दिली. दिसायला साधी हातकाठी, पण मधला खटका दाबला की तीन पाय फाकतात आणि बशीएवढी प्लास्टिकची बैठक आडवी होते. उघडायचं, बसायचं, एवढाच तिचा उद्योग. कंपनीचं नाव वगैरे काही नाही, नुसतं '100 किलो' असं स्टिकर आहे. माझं वजन 64, त्यामुळे मी खोलात गेलो नाही.

मी 76 वर्षांचा. कुपवाड एमआयडीसीत लेथवर उभं राहून उमेद गेली, त्यामुळे गुडघ्यांनी आधीच राजीनामा दिलाय. गंमत अशी की चालायला मला फारसं काही होत नाही. अर्धा किलोमीटर सहज जातो. पण एका जागी पाच मिनिटं उभं राहिलो की गुडघ्यात कुणीतरी पाचर मारल्यासारखं होतं. 'चालता येतंय म्हणजे उभं राहता येणारच की' असं घरातल्या सगळ्यांना वाटतं.

आणि एसटीनं जायचं म्हणजे उभं राहणं आलंच. तासगाव रोडवरचा आमचा फाटा म्हणजे एक लिंबाचं झाड आणि एक टपरी. टपरीवाल्याचं बाकडं चहा घेणाऱ्यांसाठी. मला साखर आहे, मी किती चहा घेणार? फुकट बसायला लाज वाटते.

2022 च्या ऑगस्टपासून 75 च्या पुढच्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला. माझी 75 पूर्ण झाली त्या आठवड्यात मी मुद्दाम सांगलीला जाऊन आलो. आधार कार्ड दाखवलं, कंडक्टरनं मशीनमधून शून्य रुपयांचं तिकीट काढून दिलं. ते मी डायरीत ठेवलंय. पुणे-नगर पहिली एसटी सुटली 1 जून 1948 ला, म्हणजे ती माझ्यापेक्षा वर्षानं मोठी. त्या हिशेबानं तिनं मला फुकट न्यायला हरकत नव्हती. आमची मंडळी 70 ची. तिला ज्येष्ठ म्हणून अर्धं तिकीट, आणि 2023 च्या मार्चपासून बाई म्हणूनही अर्धं. तिनं कंडक्टरला विचारलं, "दोन अर्धे मिळून एक होत नाही का हो?" तो म्हणाला, "आजी, अजून पाच वर्षं दम धरा."

पण तिकीट फुकट झालं त्याच हिवाळ्यात माझं जाणं थांबलं. दर मंगळवारी आम्ही चौघे जुने कामगार सांगलीतल्या आमराई बागेत जमायचो. गणपतीचं दर्शन, मग आमराई, येताना घरी भडंग. ते सुटलं. मुलगा म्हणतो, गाडीवरून सोडतो की. सोडतोही बिचारा. पण त्याला सवड असेल तेव्हाच मला सांगलीत काम निघायला पाहिजे, असं ते व्हायला लागलं. मित्र फोन करायचे. फोनवर बोलणं दोन मिनिटांत संपतं. 'बाकी काय?' झालं की पुढे काही नाही. दुपारी झोप काढायची आणि रात्री पंखा बघत पडायचं. हिनं शेवटी डॉक्टरला सांगितलं, हे बोलत नाहीत. मी म्हटलं, बोलायला काही घडायला तर पाहिजे.

तर काठी. पहिल्या दिवशी मी चुकीचा बसलो. खोक्यावर नुसतं चित्र आहे, तेही मुंगीएवढं. मूठ पाठीमागे घेऊन खुर्चीसारखं बसायचं नाही. मूठ समोर येते, दोन्ही हात तिच्यावर आणि पाय दोन्ही बाजूंना. उठताना त्याच मुठीवर जोर द्यायचा. हे एकदा जमलं की मग वीस मिनिटं गाडी आली नाही तरी चालतं.

आता टर्नर माणसाचं निरीक्षण. पाईप अॅल्युमिनियमचा, जाडी ठीक. वाण्याच्या काट्यावर वजन केलं, 900 ग्रॅमला थोडं कमी भरलं. रिव्हेट बरे मारलेत, वायसर मात्र एकाच बाजूला आहे, त्यामुळे दुसऱ्या महिन्यात खडखड सुरू झाली. मी शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब सोडतो. खटक्याची स्प्रिंग कडक आहे, संधिवाताच्या बोटांना दाबणार नाही. घेणाऱ्यानं दुकानातच स्वतः दहा वेळा उघडझाक करून बघावी, पोराला करायला लावू नये.

खरी खोट रबराच्या बुचांत आहे. पाय बारीक, बूच बारीक. जुलैत पाऊस पडून गेल्यावर फाट्यावर मुरमात बसलो आणि एक पाय हळूहळू आत गेला. मला वाटलं गाडीच वाकडी दिसायला लागली! कलंडलोच. कॉलेजला जाणाऱ्या एका पोरीनं दंडाला धरलं, "आजोबा, लागलं का?" लागलं नव्हतं, पण नंतर पाठीवर दप्तर असलेलं कुणी दिसलं तरी मी सावरून बसायचो.

मग एका जुन्या दोस्ताच्या वर्कशॉपला गेलो. नायलॉनचे दोन इंची तीन गोळे कापून त्यांना मधोमध खड्डा घेतला आणि बुचाखाली दाबून बसवले. लेथवर हात ठेवला, बारा वर्षांनी. दोस्त म्हणाला, "तात्या, हात अजून थरथरत नाही." एवढ्या एका वाक्यासाठी काठीचे 850 वसूल. आता मुरमात रुतत नाही. ओल्या फरशीवर मात्र अजूनही घसरते, तिथे मी उघडतच नाही.

काठी माणसाला बसमध्ये चढायला मदत करत नाही, हे आधीच सांगतो. एसटीची पहिली पायरी आपल्या घरच्या पायरीपेक्षा बरीच उंच. मी मुठीची दोरी मनगटात अडकवतो, दोन्ही हातांनी दांडे धरतो. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, हे फिजिओथेरपीवाल्या बाईंनी शिकवलंय. आत ज्येष्ठांसाठीच्या सीटवर बसून काठी दोन गुडघ्यांत धरायची. एकदा शेजारच्या बाईंनी विचारलं, शूटिंगचा कॅमेरा आहे का?

वडापवाल्याला, म्हणजे सीटवर माणसं भरून नेणाऱ्या खासगी गाडीवाल्याला, मात्र ती आवडत नाही. एकानं काठी बघितली आणि "आजोबा, मागनं येतीय एक" म्हणून गेला. मागून काहीही आलं नाही. पण मी बसून होतो.

चार महिन्यांत दोन मंगळवार चुकले, तेही पावसानं. पाचपैकी साडेतीन देतो. बुचं चांगली असती तर साडेचार.

आता हिला एक पाहिजे. अडचण अशी की बैठक 19 इंचांवर पक्की आहे, खालीवर होत नाही, आणि ही बसली की टाचा अधांतरी. तिन्ही पाय खालून दोन-दोन इंच कापून बुचं परत बसवता येतील असा माझा अंदाज आहे. दोस्ताला शुक्रवारी येतो म्हणून सांगितलंय.